वाद प्लुटोनियमचा, प्रश्न भुकटीचा

भारतात प्लुटोनियमचा विषय निघाला की चर्चा दोनच वाटांनी जाते. एकीकडे स्वावलंबन, भाभांची तीन टप्प्यांची अणुऊर्जा योजना, तमिळनाडूतल्या कल्पक्कमचा 500 मेगावॉटचा फास्ट ब्रीडर, म्हणजे जाळतो त्याहून जास्त इंधन तयार करणारी अणुभट्टी. दुसरीकडे बॉम्ब आणि किरणोत्सर्ग. मी दक्षिण फ्रान्समध्ये, ऱ्होन नदीच्या खोऱ्यात राहते. इथल्या मार्कूलला मेलॉक्स हा युरेनियम-प्लुटोनियमच्या मिश्र इंधनाचा, म्हणजे मॉक्सचा कारखाना 1995 पासून चालू आहे. त्यामुळे इथल्या वादात एक तिसरा प्रश्नही असतो: कारखाना नीट चालतोय का? आपल्याकडे हे कुणी विचारतच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

काम ऐकायला सोपं आहे. दोन्ही धातूंच्या ऑक्साइडची भुकटी एकत्र दळायची, दाबून छोट्या गोळ्या करायच्या, सुमारे 1,700 अंशांवर भाजायच्या, घासून मापात आणायच्या आणि धातूच्या नळ्यांत भरायच्या. पण प्लुटोनियमची धूळ श्वासातून आत गेली तर घातक, म्हणून सगळं ग्लोव्ह बॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत. आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी, म्हणजे फट पडलीच तर हवा आत ओढली जाते. माल फार काळ ठेवूनही चालत नाही. प्लुटोनियम-241 चं अर्धायुष्य जेमतेम 14 वर्षं. त्याचं अमेरिशियम हे दुसरं किरणोत्सर्गी मूलद्रव्य होतं आणि हाताळणाऱ्यांना गॅमा किरणांचा धोका वाढत जातो.

मेलॉक्सला वर्षाला 195 टनांचा परवाना आहे. 2021 मध्ये उत्पादन 60 टनांच्याही खाली गेलं. युरेनियम ऑक्साइडची भुकटी बनवण्याची पद्धत बदलली होती आणि नव्या भुकटीत प्लुटोनियम एकसारखं मिसळेना. गोळीत प्लुटोनियमची गाठ राहिली तर अणुभट्टीत तिथेच जास्त उष्णता होते, म्हणून बाद माल साठत गेला. ब्रिटनमध्ये सेलाफील्डचा कारखाना वर्षाला 120 टनांसाठी उभारला. 2011 मध्ये तो बंद करायचं ठरलं, तोवर एका वर्षाच्या क्षमतेइतकंही इंधन त्यातून निघालं नव्हतं.

फ्रान्समध्ये सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. एकदा वापरलेल्या मॉक्सवर औद्योगिक पातळीवर पुन्हा प्रक्रिया होत नाही, ते पाण्याच्या टाक्यांत पडून आहे. पण हे सगळं उघड्यावर आहे. 2006 च्या कायद्याने बळ मिळालेल्या स्थानिक माहिती समित्यांत लोकप्रतिनिधी, कामगार संघटना आणि पर्यावरणवादी एकत्र बसून प्रश्न विचारतात.

आपली करामत छोटी नाही. अमेरिकेने इंधन तोडल्यावर आपल्या लोकांनी मॉक्स स्वतः बनवलं आणि 1990 च्या दशकात तारापूरच्या अणुभट्ट्यांत वापरून दाखवलं. ब्रीडरसाठीच्या इंधनात तर प्लुटोनियम 20 टक्क्यांच्या वर असतं, मेलॉक्सच्या दुपटीहून जास्त. म्हणजे काम अधिक अवघड. हे इंधन तारापूरच्या ज्या कारखान्यात बनतं, तो भाभा अणुसंशोधन केंद्राचा. आणि 2000 मध्ये या केंद्राच्या सुविधांवरची देखरेख अणुऊर्जा नियामक मंडळाकडून काढून केंद्राच्याच सुरक्षा परिषदेकडे दिली गेली. आपलेच परीक्षक, आपलीच उत्तरपत्रिका.

शंभरातल्या किती गोळ्या बाद होतात हे सांगितल्याने बॉम्बचं गुपित फुटत नाही. ब्रीडरला माझा पाठिंबा आहे, म्हणूनच मागते: हा आकडा आणि कामगारांना मिळालेल्या किरणोत्साराचा हिशेब दरवर्षी, मराठीत, पालघर जिल्ह्यातल्या लोकांसमोर ठेवा.