एको पॉइंटवरचे मौनी बाबा

मी पुण्याचा. अनोळखी माणसाला त्याची चूक सांगणं मला कधीच जड गेलेलं नाही. एटीएमच्या रांगेत 'फक्त विचारायचंय' म्हणत पुढे घुसणारा, 'गाडी लावू नये' या पाटीलाच स्कूटर टेकवणारा, नाट्यगृहात फोनवर भाजीची यादी सांगणारा, सगळ्यांना मी हटकलेलं आहे. माथेरानच्या एको पॉइंटवर मात्र माझी वाचा बसली. आणि फुटली तेव्हा जे बाहेर पडलं, ते न सांगितलेलं बरं. तरी सांगतो.

डिसेंबरातला रविवार होता. दस्तुरी नाक्याच्या पुढे गाड्यांना बंदी. अमन लॉजहून सुटणाऱ्या शटलची तिकिटं आमच्या पुढच्या माणसावर संपली. 1907 पासून माथेरानला चढणारी ती छोटी गाडी आमच्याच पाळीला भरायची होती. म्हणून रुळांच्या कडेने पायी निघालो. तिथेच ते काका पहिल्यांदा दिसले. सत्तरीचे असतील. पायात कोरे पांढरे बूट, त्यावर तांबडी माती चढू नये म्हणून दुधाच्या रिकाम्या पिशव्या, पिशव्यांना रबरबँड. डोक्याला भर अकरा वाजता माकडटोपी. मी बायकोला कोपर मारून म्हणालो, "मंगळावर उतरलेत वाटतं." ती हसली नाही. मी दोघांचं हसून घेतलं. ही नोंद आधीच करून ठेवतो, कारण पुढे मी फार सज्जन माणूस असल्यासारखं बोलणार आहे.

एको पॉइंटला पोचलो तर काका कठड्याशी उभे. त्यांनी छाती भरून दरीत हाक दिली, "बाप्पाऽऽ!" डोंगराने ती जशीच्या तशी परत केली. काका हरखले. मागे वळून काकूंना म्हणाले, "आयकलं काय वं? पहाड बोल्ला!"

शेजारी सात-आठ पोरापोरींचा घोळका होता. त्यातल्या एकाने लगेच तोंड वाकडं करून, "काहून वं, पहाड बोल्ला!" म्हटलं. घोळका फिसकला. काकांनी पुन्हा हाक दिली, घोळक्याने पुन्हा ओढली. प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला समोरचा कडा निदान सतरा मीटर लांब हवा, असं शाळेत शिकलो होतो. इथे चार फुटांवरूनच येत होता, तोही डोंगराच्या आधी. एका मुलीने दुधाच्या पिशव्यांवर मोबाइल रोखला.

आता मी बोलायला हवं होतं. मनात मजकूर तयारही झाला. पहिला मसुदा समजुतीचा होता: "बाळांनो, तुमच्या घरी आजोबा असतील ना?" तो मलाच रटाळ वाटला. दुसऱ्यात वऱ्हाडी बोलीची थोरवी होती, पण ती सांगायला निदान वीस मिनिटं लागली असती. तिसरा इंग्रजीत होता. मराठी माणसाला खरा राग इंग्रजीतच येतो. पण एक क्रियापद अडलं.

शिवाय त्या कठड्याला आणखी चाळीसेक माणसं होती. लॅटाने आणि डार्ली या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1968 साली एक प्रयोग छापला होता. खोलीत धूर सोडायचा आणि माणूस उठून कुणाला सांगतो का, ते पाहायचं. एकटा असलेल्या शंभरातले 75 उठले. पण शेजारी दोन माणसं ढिम्म बसवून ठेवली, तर शंभरातले 10. दोन ढिम्म माणसांनी एवढी घसरण, तर चाळिसांनी किती, हे त्रैराशिक मी कठड्याला टेकून मांडलं. उत्तर आलं की माझा काहीच दोष नाही. ते इतर चाळीस मला ढिम्म समजून हेच गणित मांडत असतील, हे तेव्हा सुचलं नाही.

तरी एक अडचण खरी होती, आणि तिच्याबद्दल मी आजही माघार घेणार नाही. काकांना पत्ताच नव्हता. ते मजेत होते. समजा मी तावातावाने गेलो आणि म्हणालो, "या गृहस्थांच्या बोलण्याची नक्कल का करताय?" तर पोरं दोन मिनिटं वरमतील, पण काकांना कळेल की आपली टिंगल चालली होती, आपल्या बोलण्यात हसण्यासारखं काही आहे, आणि पायातल्या पिशव्यांतही. ते पोरांनी त्यांना अजून कळवलेलं नव्हतं. मी कळवलं असतं. मग बाजू घेणारा मोठा अपराधी की चिडवणारा? या मुद्द्यावर मी इतका खूश झालो की गप्प राहण्यात मला जवळजवळ करुणाच दिसायला लागली.

तेवढ्यात काकूंकडे लक्ष गेलं. त्यांना सगळं कळलेलं होतं. त्यांनी पदर आवळून घेतला आणि नवऱ्याची बाही हळूच ओढली. "चाला न आता."

करुणा तिथेच संपली. मी घोळक्याच्या दिशेने दोन पावलं टाकली, चष्मा सावरला, जोरात खाकरलो.

नक्कल करणारा पोरगा वळला. चेहरा एकदम गोड करून म्हणाला, "काका, आमचा एक ग्रुप फोटो काढता का?"

आणि मोबाइल माझ्या हातात दिला.

मी काढला. एक उभा, दोन आडवे. इतकंच नाही, माझ्याच तोंडाने मी म्हणालो, "जरा जवळ या. डावीकडचा निम्मा कापला जातोय." वाचा फुटली ती ही अशी.

तिसऱ्या फोटोच्या वेळी कानावर हाक आली, "अहोऽऽ!" दचकून पाहिलं, तर आमची ही काकांच्या शेजारी कठड्याला उभी. बावीस वर्षांच्या संसारात तिने माझं नाव घेतलेलं नाही, ते दरीलाही सांगणार नव्हती. समोरचा डोंगर मला बोलावत राहिला, "अहो… अहो…"

काका खूश. "बाप्पा बाप्पा! तुमचा आवाज तं लय दूर जाते!" मग त्यांनी तिला दम कुठे घ्यायचा ते शिकवलं. काकूंना आग्रह झाला. त्यांनी आधी नको-नको केलं आणि मग नातवाच्या नावाने अशी काही हाक मारली की घोडेवाला दचकला. एका लहान मुलाला चेव चढला, त्याच्या बापाला चढला. पाच मिनिटांत सगळा कठडा ओरडत होता. त्या पोराने मधे एकदा नक्कल केली खरी, पण कुणाची ते कुणालाच कळलं नाही. पिशव्यांचं चित्रीकरण मात्र त्या मुलीच्या मोबाइलमध्ये गेलंच, ते काही परत आलं नाही.

परतताना बायको बराच वेळ काही बोलली नाही. मी धुराचा प्रयोग सविस्तर सांगितला, टक्केवारीसकट. तिने चिक्कीचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला.

"फोटो बरे आले का त्यांचे?" तिने विचारलं.