डीप पर्पल: भांडण गायकावरून, फरक बेसमुळे

डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचा विषय निघाला की वाद ठरलेला. गायक गिलन की कव्हरडेल, गिटारिस्ट ब्लॅकमोर की मोर्स. माझं मत जरा आडवं आहे: या बँडचा बाज सगळ्यात जास्त हलवला तो बेस गिटारवाल्यांनी, आणि त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

१९६८ च्या मार्क वनमध्ये, म्हणजे बँडच्या पहिल्या संचात, बेसवर निक सिंपर. पुढच्याच वर्षी गिलनला घेतलं, त्याच्यासोबत त्याच्याच बँडमधला रॉजर ग्लोव्हर आला आणि सिंपरची गच्छंती झाली. २०१६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने मार्क वनचे बाकी चौघे घेतले, सिंपरला तिथेही वगळलं!

ग्लोव्हर काय करतो ते ‘स्मोक ऑन द वॉटर’ हेडफोन लावून ऐका. आधी एकटी गिटार. मग हाय-हॅट (ड्रम्समधली झांजांची जोडी) आणि मार्शल अँपमधून खरखरणारा जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन. मग पेसचे बाकीचे ड्रम्स. सगळ्यात शेवटी बेस, आणि त्यात करामत शून्य. रिफ, म्हणजे गिटारची ती पुन्हा पुन्हा येणारी धून, वर-खाली जाते, हा बाबा खाली एकाच सुरावर ठाण मांडून ठोकत राहतो. गाण्याला वजन येतं ते तिथे. (रिफ शिकणाऱ्यांसाठी: पॉवर कॉर्ड नको, त्यात सा-प येतो, इथे सा-म हवा. डी आणि जी या दोनच तारा, आधी मोकळ्या, मग तिसरा फ्रेट, मग पाचवा. पिक बाजूला ठेवा आणि दोन बोटांनी दोन्ही तारा एकदम ओढा. पिकने एक तार आधी लागते, दुसरी मागून, आणि धार जाते.)

१९७३ मध्ये गिलन आणि ग्लोव्हर दोघेही बाहेर. चर्चा सगळी कव्हरडेलची, कारण पठ्ठ्या कपड्यांच्या दुकानातून थेट या बँडमध्ये आला. पण खरा सुरुंग ग्लेन ह्यूजने लावला. ट्रॅपीझ बँडमधून आलेला, बेस वाजवता वाजवता उंच पट्टीत गाणारा, मनाने फंकवाला. ‘बर्न’ अल्बममध्ये कव्हरडेल आणि ह्यूज हे दोन गळे एकमेकांना भिडतात ते झकासच. पुढच्या ‘स्टॉर्मब्रिंगर’मध्ये मात्र सोल-फंक वर आलं, ब्लॅकमोरला ते रुचलं नाही आणि १९७५ मध्ये तो निघून गेला. पडताळून बघायचं तर १९७२ चं ‘मेड इन जपान’ आणि १९७४ चं ‘लाइव्ह इन लंडन’ घ्या. ‘स्मोक’ दोन्हीकडे आहे. गायक विसरा, फक्त खालचा सूर धरा.

ब्लॅकमोरच्या जागी आलेल्या टॉमी बोलिनचं ‘कम टेस्ट द बँड’ पर्पलचं वाटतच नाही, ही तक्रार जुनी. ह्यूजच्या वाटेवरचं पुढचं पाऊल म्हणून ऐकलं तर मस्त रेकॉर्ड आहे.

१९८४ पासून ग्लोव्हर-पेस जोडी तीच. म्हणून तर मोर्स आला, लॉर्डच्या जागी एअरी आला, २०२२ मध्ये मोर्सच्या जागी मॅकब्राइड आला, तरी घर ओळखीचं राहिलं. एप्रिल १९९५ च्या मुंबईतल्या कार्यक्रमात मोर्स अगदीच नवा होता. ते रेकॉर्डिंग काढा, पाया जागचा हललेला नाही.

माझ्या म्हणण्याला भोक पाडणारा अल्बम एकच, १९९० चा ‘स्लेव्हज अँड मास्टर्स’. ग्लोव्हर आहे, पेस आहे, तरी ऐकू येतो रेनबो, ब्लॅकमोरचा दुसरा बँड. येणारच! ब्लॅकमोर, ग्लोव्हर आणि गायक टर्नर, पाचातले तिघे रेनबोचेच.