दार कुणाला बंद करायचं?

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एकच वाद नावं बदलून फिरतो आहे. कुणी उपदेशक आरोग्यसभेत सांगतो की आजार म्हणजे विश्वासाची कमतरता. अभिषेकाचं तेल लावा, अमुक रकमेचं ‘बी पेरा’, शंभरपट परत मिळेल. लगेच एक गट त्याचा फोटो लावून ‘खोटा संदेष्टा’ असं पोस्टर फिरवतो. दुसरा गट ‘न्याय करू नका’ आणि ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ ही दोन वचनं पुढे करतो. परदेशात राहणारे आपण या भांडणात हिरिरीने उतरतो, कारण लंडनमध्ये बसून नाव घेऊन टीका करायला काही मोजावं लागत नाही. जालन्याच्या किंवा नंदुरबारच्या पाळकाला दुसऱ्या दिवशी त्याच वस्तीत वावरायचं असतं. शिवाय मंडळीतलं भांडण चव्हाट्यावर आलं की धर्मांतराचे आरोप करणाऱ्यांना आयतं निमित्त मिळणार, ही धास्ती असते. त्याच्या गप्प बसण्याला भित्रेपणा म्हणण्याआधी एवढं लक्षात घ्यावं.

गप्प बसणं बरोबर आहे, असं मात्र मी म्हणत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. आपण शिकवणाऱ्याला आणि शिकणाऱ्याला एकाच मापाने मोजतो, म्हणून एक गट दोघांनाही हाकलतो आणि दुसरा दोघांनाही पाठीशी घालतो.

आधी ती दोन वचनं. ‘न्याय करू नका’ मत्तयाच्या सातव्या अध्यायाच्या पहिल्या ओवीत आहे, आणि त्याच अध्यायाच्या पंधराव्या ओवीत खोट्या संदेष्ट्यांपासून जपा, असं आहे. त्यांना फळांवरून ओळखायचं असेल तर पारख करावीच लागते. ‘अभिषिक्त’ हे वचन 105 व्या स्तोत्रातलं. तिथे अब्राहाम, इसहाक, याकोब यांना राजांनी इजा करू नये, एवढाच विषय आहे; उपदेशाची तपासणी करू नये असं त्यात कुठेच नाही. शौल अभिषिक्त राजा होता म्हणून दाविदाने त्याच्यावर हात उचलला नाही, पण गुहेबाहेर येऊन सैन्याच्या देखत त्याची चूक त्याला सुनावली.

आता पोस्टर फिरवणाऱ्या गटाचं आवडतं शस्त्र, योहानाचं दुसरं पत्र. अवघ्या तेरा ओव्यांचं. दहाव्या ओवीत म्हटलं आहे की ही शिकवण न आणणाऱ्याला घरात घेऊ नका, त्याचं स्वागतही करू नका. हे वाचून लोक सख्ख्या भावाशी बोलणं तोडतात. पत्र लिहिलं त्या काळी मंडळ्या घरातच भरत. फिरत्या उपदेशकाला मुक्काम, जेवण आणि पुढच्या वाटेची शिदोरी त्या घरातूनच मिळे. घरात घेणं म्हणजे त्याला व्यासपीठ आणि रसद देणं. चूकही नेमकी सांगितली आहे: येशू ख्रिस्त देहाने आला हे नाकारणं. सुरुवातीच्या ओव्यांत एकमेकांवर प्रीती करा हेही आहेच, पण पोस्टरवर त्यातलं काही येत नाही. आणि लगेच पुढे, योहानाच्या तिसऱ्या पत्रात, दियत्रेफेस नावाच्या पुढाऱ्याला दोष दिला आहे. का? तो खऱ्या बंधूंना दार लावतो आणि त्यांना घेणाऱ्यांनाही मंडळीबाहेर काढतो. दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली तर बराच आरडाओरडा कमी होईल.

देहाचा प्रश्न केवळ पंडिती नव्हता. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा बिशप इग्नाती याने स्मुर्णा इथल्या मंडळीला लिहिलं की ख्रिस्ताचा देह नाकारणाऱ्यांना प्रीतीची, विधवेची, अनाथाची, भुकेल्याची फिकीर नसते. शिकवण चुकली की आधी कोण उपाशी राहतं, हे त्याला दिसत होतं.

त्याच सुमाराच्या ‘दिदाखे’ या ग्रीक पुस्तिकेत तर व्यवहाराचे नियमच आहेत. 1056 साली नकललेलं तिचं हस्तलिखित कॉन्स्टँटिनोपलमध्ये 1873 साली सापडलं. नियम असे: फिरता प्रेषित एक दिवस राहील, गरज पडली तर दोन, तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी द्यावी. पैसे मागितले तर खोटा. आत्म्याने बोलतो आहे असं सांगून ‘मला पैसे द्या’ म्हणाला तर ऐकू नये. दुसऱ्या गरजूंसाठी मागत असेल तर मात्र कुणी त्याचा न्याय करू नये. एकोणीसशे वर्षांनी फक्त क्यूआर कोडची भर पडली आहे.

इंग्लंडमध्ये उलटी गत आहे. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये पाळकाच्या शिकवणीवरचा खटला ज्या खास न्यायालयापुढे चालावा, ते 1963 च्या कायद्याने स्थापन झालं. ते आजवर दोनदाच बसलं, आणि दोन्ही वेळा चर्चच्या आतल्या मांडणीच्या परवानगीवरून. 1987 चं प्रकरण लंडनच्या एका चर्चमधल्या शिल्पकार हेन्री मूरच्या गोल दगडी वेदीचं. शिकवणीसाठी नवी न्यायव्यवस्था आणण्याचा प्रस्ताव 2004 साली जनरल सिनॉडने, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च सभेने, फेटाळला. इथे कुणाला ‘तुमचं चुकतंय’ म्हणणं असभ्य वाटतं. आपल्याकडे ते म्हणायला घाई फार, आणि त्याची काही रीत नाही. दोन्हींतलं मला काहीच पसंत नाही, पण इथला धीर उचलण्याजोगा आहे, निदान शिकणाऱ्याच्या बाबतीत.

त्याचं उदाहरण आपल्याच घरातलं आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेजला झाला. त्यानंतर त्रैक्याबद्दल (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), ख्रिस्ताच्या दैवत्वाबद्दल त्यांना खरोखरीच्या शंका होत्या आणि त्यांनी त्या लपवल्या नाहीत. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना त्यात अहंकार दिसला. पत्रांतून आज्ञापालनाचा आग्रह सुरू झाला. रमाबाईंचं उत्तर असं की पाळक किंवा बिशप बोलतील तो प्रत्येक शब्द मान्य करायला मी बांधलेली नाही. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी त्याच शंका एकेक करून घेतल्या आणि घाई केली नाही. पुढे याच रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल केलं. 1885 साली त्यांच्या नावाचं पोस्टर कुणी फिरवलं असतं, तर शंका खऱ्या असल्याने त्या पोस्टरला खोटंही म्हणता आलं नसतं.

मग करायचं काय? आधी पूर्ण उपदेश ऐका. चाळीस सेकंदांचा तुकडा कुणीतरी मुद्दाम कापलेला असतो. खटकलेलं वाक्य आणि त्याची वेळ लिहून घ्या. उपदेश जाहीर असेल तर खाजगीत भेटण्याची मत्तय 18 ची पायरी सक्तीची नाही. पौलाने पेत्राला सर्वांदेखत अडवलं. पण उपदेशक अपुल्लोसही सभास्थानात उघड बोलत होता, आणि प्रिस्किल्ला-अक्विल्ला या दांपत्याने त्याला बाजूला नेऊन समजावलं, कारण त्याचं ज्ञान अपुरं होतं, नियत वाईट नव्हती. म्हणून आधी लेखी विचारा: औषध बंद करा असं तुम्हाला म्हणायचं आहे का? हिशेब कोण तपासतं? तीताच्या पत्राप्रमाणे दोन वेळा समज द्या. मग वडीलमंडळाने एवढाच ठराव करावा की या व्यक्तीला आमचं व्यासपीठ नाही. जाहीर उत्तर द्यायचं तर वाक्याला द्या. त्याच्या बायकोच्या दागिन्यांवर बोललात की अनुयायी छळ-छळ म्हणत घट्ट होतात.

याला एक अपवाद आहे. औषध थांबवण्याचा विषय निघाला तर कुठलीही पायरी मोजू नये. क्षयाचा साधा कोर्स सहा महिन्यांचा; मध्येच सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. इन्सुलिन, फिट्सच्या गोळ्या यांत तर दिवसांचाच हिशेब असतो. त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना कळवा. तेल घेऊन आलेल्या मावशीची थट्टा करू नका. नाहीतर गोळ्या बंद केल्याचं ती तुम्हाला सांगणारच नाही.

राहिला आपला, परदेशातल्यांचा वाटा. यातली बरीच रसद आपणच पुरवतो. महाराष्ट्रातली संस्था सार्वजनिक न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे तिचा नोंदणी क्रमांक असतो. तो आणि मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल मागा. तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय मानली जात नाही. ब्रिटिश किंवा अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल तर मानली जाते, ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असलं तरी. मग संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या खात्यातच जायला हवेत. उपदेशक स्वतःचा किंवा मेव्हण्याचा खाते क्रमांक पाठवत असेल, तर पैसे पाठवू नका, आणि का पाठवले नाहीत ते त्याला लिहून कळवा.