एआयने काढलेला ‘गावचा पाऊस’ तहसीलमध्ये घेऊन जाऊ नका

शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. एआय एजंटला, म्हणजे सांगितलेलं काम स्वतः करणाऱ्या एआय प्रोग्रामला, एक टूल (बाहेरची माहिती आणून देणारी जोडणी) जोडा, तो थेट हवामान खात्याच्या रेकॉर्डमधून ‘तुमच्या गावाचा १९०१ पासूनचा रोजचा पाऊस’ काढून देईल. आकडा सरकारी, म्हणून चुकणार नाही. तो छापून अर्जाला जोडला की अतिवृष्टीची भरपाई नाकारता येणार नाही. आणि हो, मंडळातल्या पर्जन्यमापकांची आता गरजच नाही. माझ्या मामांनी हा मेसेज पाठवून खाली लिहिलं, ‘एवढं काढून दे, अर्जाला जोडतो.’ मामांसारखे आणखी किती जण या भरवशावर बसले असतील कोण जाणे, म्हणून हा खुलासा.

‘तुमच्या गावाचा पाऊस’ हे मुळातच खोटं आहे. पुण्याच्या हवामान खात्याच्या ज्या फाइलमध्ये १९०१ पासूनचा रोजचा पाऊस आहे, त्या फाइलमध्ये गावंच नाहीत. ती देशावर टाकलेली जाळी आहे, पाव अंश अक्षांश गुणिले पाव अंश रेखांश. महाराष्ट्रात असा एक चौकोन सातशे चौरस किलोमीटरच्या वर भरतो. त्यातल्या सगळ्या गावांना टूल एकच आकडा देतं. तो आकडा कुणी मोजलेलाही नसतो. आसपासच्या केंद्रांच्या नोंदी घ्यायच्या, जवळच्या केंद्राला जास्त वजन, लांबच्याला कमी, असं गणित करून तो येतो. डी. एस. पै आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘मौसम’ या नियतकालिकात ही पद्धत मांडली आहे. एकूण ६,९५५ केंद्रं वापरली, पण ती सगळी १९०१ पासून चालू नव्हती. कुठल्या वर्षी किती केंद्रांच्या नोंदी मिळाल्या ते बदलत जातं. खात्याने हे लपवलेलं नाही. मेसेज लिहिणाऱ्याने वाचलेलं नाही.

याने किती फरक पडतो? २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी, कुलाब्याला ७३. दोन्ही केंद्रांमधलं अंतर जाळीच्या एका चौकोनाच्या बाजूपेक्षा जास्त नाही. शिवाय खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, त्यामुळे ही नोंद २७ जुलैच्या तारखेखाली लागते. एजंटला ‘२६ जुलैचा पाऊस दे’ म्हटलं तर तो आदल्या दिवसाचा आकडा बिनदिक्कत हातात ठेवेल.

आता भरपाई. सगळ्यात घातक मुद्दा हाच आहे. आपल्याकडे शासकीय मदतीसाठी अतिवृष्टी धरतात ती महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीहून जास्त पाऊस नोंदला गेला तर. त्यासाठी ‘महावेध’ प्रकल्पात राज्यभर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रं बसवली. तिथे जाळीचा आकडा चालत नाही. पण अर्ज फेटाळला जाईल एवढ्यावरच हे थांबत नाही. जाळीचं गणित पाऊस पसरून टाकतं. समजा, तुमच्या मंडळात ढग फुटला आणि ८० मिमी पडला, शेजारची मंडळं कोरडी राहिली. चौकोनाचा आकडा सहज पन्नासच्या खाली येईल. म्हणजे तुम्ही स्वतःच्या हाताने, स्वतःच्या खर्चाने छापून, स्वतःच्या विरोधातला कागद साहेबांच्या टेबलावर ठेवाल. ज्याचं सोयाबीन पाण्यात आहे त्याला हा सल्ला देणाऱ्याचा मला संताप येतो.

‘सरकारी म्हणून चुकत नाही’ हेही सोडा. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं होतं. सेन्सर बिघडल्याचं खात्यानेच नंतर सांगितलं. पावसाच्या फाइलमध्ये नोंद नसेल तिथे उणे ९९९ असतं. टूल कच्चं असेल तर एजंट ते सरासरीत मिसळून मोकळा होतो.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. टूल निरुपयोगी नाही. जिल्ह्याचा पन्नास वर्षांचा कल पाहायचा, १९७२ चा दुष्काळ आधीच्या वर्षांशी ताडून बघायचा, तर ही जाळी उत्तम आहे. फाइली मोफत आहेत, ‘आयएमडीलिब’सारखी पायथन लायब्ररी (पायथन या प्रोग्रामिंग भाषेतला तयार कोड) त्या उघडून देते, आणि एजंटमुळे प्रोग्रामिंग न येणाऱ्या विद्यार्थ्यालाही त्या वापरता येतात. फक्त कुठला चौकोन, कुठली तारीख, कुठली फाइल हे प्रत्येक उत्तरासोबत लिहून मागा. तेवढंही न देणाऱ्या टूलवर विसंबू नका.

पर्जन्यमापक नकोत म्हणणाऱ्याला एवढंच विचारा: केंद्रंच नसतील तर जाळी कशावरून विणणार? भरपाईसाठी मंडळाची नोंद तहसील किंवा कृषी कार्यालयातून मागा, पंचनामा वेळेत करून घ्या. आणि मंडळातलं यंत्र बंद असेल किंवा झाडाखाली, भिंतीआड बसवलेलं असेल, तर त्याची तक्रार लेखी करा, तारीख आणि फोटोसह, आणि पोच घ्या.