गाडी गेली तरी कर्ज तसंच राहतं
हप्ते थकल्यामुळे बँकेने गाडी ओढून नेली तर काय करायचं, यावरच्या लेखात थकलेले हप्ते भरून गाडी सोडवा एवढंच सांगितलंय, पण खरी मेख पुढे आहे. गाडी ओढून नेली म्हणून कर्ज मिटत नाही, लिलावात ती बऱ्याचदा पडेल भावात जाते आणि उरलेली बाकी, वर टोइंग नि पार्किंगचा खर्च परत तुमच्याच डोक्यावर. म्हणून एकूण बाकी किती, कशाकशाचे पैसे लावलेत आणि लिलाव कधी हे आधी बँकेकडून लेखी मागून घ्या, फोनवरच्या गोड बोलण्याला काही अर्थ नसतो. आणि डिकीतलं सामान, डॅशबोर्डच्या कप्प्यातले कागद, बाळाची सीट हे काही गहाण नव्हतं ना, मग यादी करून लगेच मागा. लिलावात बाकीपेक्षा जास्त पैसे आले तर वरचे सहसा तुमचे असतात, पण ते स्वतःहून कोणी सांगत नाही बरं का!