खुलासा : मल्टिटूलने चालू वायर कापू नका

‘लेदरमन वेव्ह या मल्टिटूलच्या (पकड, सुरी, स्क्रूड्रायव्हर एकात असलेल्या घडीच्या अवजाराच्या) पकडीला वायर कटर आहे, म्हणजे घरातली चालू वायरही तिने बिनधास्त कापता येते,’ असा मेसेज फिरतोय. हे चूक आहे आणि जिवावर बेतू शकतं. कटर आहे, हे खरं. पण मुठी उघड्या स्टेनलेस स्टीलच्या! माझ्याकडची वेव्ह आणि व्हिक्टोरिनॉक्स कंपनीची तशीच स्विसटूल शेजारी ठेवून पाहिल्या. इन्सुलेशन एकीलाही नाही. २३० व्होल्टचा करंट सरळ हातात येईल. इलेक्ट्रिशियनच्या इन्सुलेटेड पकडीवर दुहेरी त्रिकोणाची खूण आणि १००० व्होल्ट असं छापलेलं असतं. मुठीला टेप गुंडाळणं हा त्याला पर्याय नाही. मेन स्विच बंद करा, टेस्टरने खात्री करा, मगच वायरला हात लावा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.