भरिताच्या दिवसांतला ‘पास’: धुळ्याच्या भाऊंना उत्तर

भाऊ, संगणकाच्या दोन प्रोसेसर चिपांची तुलना करणाऱ्या माझ्या जुन्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. रागाचा भाग सोडला तर तुमचे आक्षेप तीन. एएमडीची रायझन ५ ५६००एक्स आणि इंटेलची कोअर आय५ १२६००के यांच्या तुलनेत मी इंटेलवर अन्याय केला, तुमची १२६००के तर ५.२ गिगाहर्ट्झला जाते. सिनेबेंच (चिपवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) दहा मिनिटं चाललं की चिप स्टेबल, म्हणजे न अडखळता चालणारी; रात्रभराच्या चाचण्या हा नुसता टाइमपास. आणि जळगावच्या उन्हाचा मी बाऊ करतो.

पहिला आक्षेप बराचसा मान्य. इंटेलच्या ‘के’ (वेग वाढवायला मोकळ्या) चिपच्या डब्यात कूलर येत नाही, म्हणून स्वस्तात मिळाला तो लावला, आणि रायझनवर मात्र मोठा टॉवर कूलर. ही कुस्ती बरोबरीची नव्हतीच. ओव्हरक्लॉकिंगला, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चिप चालवायला, वाव इंटेलमध्ये जास्त आहे, हेही खरं. १२६००के सगळे मोठे कोअर (चिपमधले काम करणारे भाग) एकदम राबवताना मुळात ४.५ गिगाहर्ट्झवर असते, तिथून वर चढायला जागा आहे. ५६००एक्सला सगळ्या कोअरवर ४.५ ची गाठ मारली, तर एकेका कोअरला आपोआप मिळणारा ४.६ चा बूस्टच जातो. घरचं देऊन बाजारातून उसनं आणल्यासारखं. पण इंटेलचा मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) हलवायला झेड६९०सारखा झेड मालिकेतला मदरबोर्ड लागतो, रायझनला बी५५० पुरतो. हा फरक खिशाला कळतो. आणि तुमची चिप ५.२ ला जाते म्हणून सगळ्या जात नाहीत. माझ्याकडेही प्रत्येकी एकच नग आहे. त्यावरून मॉडेलचा निकाल लावायला नको होता.

दुसरा आक्षेप मात्र अजिबात मान्य नाही. ५६००एक्सला कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (प्रत्येक कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) मी सगळ्या कोअरना उणे ३० दिलं, म्हणजे व्होल्टेज उतरवलं. सिनेबेंच पास. प्राइम९५ या दुसऱ्या भार-चाचणीचे स्मॉल एफएफटी रात्रभर पास. दुसऱ्या दिवशी नुसतं गाणं ऐकत बसलो होतो, आणि मशीन धाडकन रीस्टार्ट! विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (चुकांच्या नोंदवहीत) डब्ल्यूएचईए-लॉगर, आयडी १८: हार्डवेअरच्या चुकीची नोंद. कारण उलटं आहे. सगळे कोअर राबतात तेव्हा वेग खाली असतो. काम हलकं असलं की एखादाच कोअर सर्वांत वरच्या वेगाला उडी मारतो, आणि तिथे कमी केलेलं व्होल्टेज पुरत नाही. प्राइम९५ सगळ्यांना एकदम जुंपतं, त्यामुळे ही खोड दिसतच नाही. कोअरसायकलर एकेक कोअर वेगळा तपासतो. त्याने दोन तासांत चोर पकडला: एकच कोअर. त्याला उणे १२ वर आणलं, बाकीचे तसेच ठेवले. तेव्हापासून एकही रीस्टार्ट नाही.

आता ऊन. तुमच्या ५.२ चा स्क्रीनशॉट जानेवारीचा आहे, भाऊ. शेतात भरिताच्या पार्ट्या चालू असतात ते दिवस. कूलर चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही; खोली २२ वरून ३८ अंशांवर गेली की चिपही किमान तेवढीच वर सरकते. जानेवारीत माझी १२६००के ८० ला थांबायची, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास दुपारी ९७ दाखवू लागली. साधा हिशेब १६ चा, वरचा अंश गळतीचा: सिलिकॉन तापलं की गळणारा विद्युतप्रवाह वाढतो, त्याने आणखी ताप. वर आपण स्थिरतेसाठी व्होल्टेज वाढवतो. १.२५ व्होल्टचं १.३५ केलं की त्याच वेगाला साधारण १७ टक्के जास्त वीज, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाने वाढते.

आणि १०० अंशांना इंटेल बंद पडत नाही, गुपचूप वेग उतरवते. चाचणी ‘पास’ म्हणते, पण चिपचा वेग ५.२ राहिलेलाच नसतो. म्हणून सोबत एचडब्ल्यूइन्फो (चिपचा वेग-तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडं ठेवा आणि वेगाचा किमान आकडा बघा. (वाळ्याच्या कूलरच्या झोतात कॅबिनेट ठेवायचा सल्ला एकाने दिला होता. बोअरच्या पाण्याची पांढरी भुकटी पंख्यावर बसली, तेवढाच फायदा.)

सारख्या कूलरवर दोन्ही चिपा पुन्हा तपासतो आणि जुन्या लेखात दुरुस्ती टाकतो. तुमच्याकडून एकच हवं: मे महिन्यातल्या दुपारी तीनचा आकडा, एसी बंद, खोलीचं तापमान शेजारी लिहिलेलं. अर्थात, तेव्हा लाईट असली तर.